ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये पैसे देऊन हवी ती सोय करून घेताना: गोव्यातल्या संस्थांचे नेहमीचे प्रश्न

गोव्यातल्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी आणि देवघेव सांभाळणारं कोहा असतं, शाळेत ऑनलाइन वर्गांचं मूडल, देवस्थानाच्या संकेतस्थळाला ते चालवणारं वर्डप्रेस. तिन्ही ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोणीही वापरावा, बदलावा. वापरायला लागलं की वर्षभरात कोणीतरी म्हणतंच, "बाकी सगळं छान आहे, पण एवढं एक नाही." आणि त्यामागोमाग, "पैसे दिले तर करून मिळेल का?" मिळेल. पण पैसे कोणाला द्यायचे, नेमके कशाचे, आणि काम झाल्यावर पुढे काय, हे प्रश्न पेडण्यापासून काणकोणपर्यंत तेच ते येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणता, मग पैसे कशाचे?

वापरण्याचे पैसे नाहीत. कोणीतरी बसून नवा कोड लिहायचा, तपासायचा, त्यावर दहा जणांच्या शंकांना उत्तरं द्यायची, या वेळेचे आहेत.

कोहाचा जन्मच असा झाला. १९९९ साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालेल अशी खात्री नव्हती. त्यांनी कॅटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीला पैसे देऊन नवी प्रणाली लिहून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि जीपीएल परवान्याखाली (कोणीही वापरा, बदला, पण पुढे द्याल ते याच अटींवर द्या, असा परवाना) सगळ्यांसाठी खुली झाली. पुढे अमेरिकेत, ओहायोतल्या नेल्सनव्हिल सार्वजनिक वाचनालयाने त्यात मार्क नोंदींची (पुस्तकाची माहिती ठरावीक पद्धतीने भरण्याच्या जागतिक ग्रंथालयीन साच्याची) सोय व्हावी म्हणून खर्च केला. आज फोंड्यातला ग्रंथपाल कोहात मार्क नोंद उघडतो, त्याची सुरुवात त्या पैशांतून झाली. गोवा नकाशावर कुठे आहे हे त्या वाचनालयाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

आम्हाला हवी ती सोय आधीपासूनच असेल तर?

बहुतेक वेळा असतेच, म्हणून पहिले पैसे शोधण्यावर घालवा. कोहात प्रणालीच्या सेटिंग्ज शेकड्यांनी आहेत आणि निम्म्याहून जास्त कधी कोणी उघडून पाहिलेल्या नसतात.

खास गोव्यातलं एक उदाहरण देतो. जुन्या पोर्तुगीज काळातल्या पुस्तकांवर आणि कागदपत्रांवर आपली आडनावं ओळखू न येणाऱ्या रूपात असतात. कामत तिथे 'कामोटिम' होतो, शेणै 'सिनाय' होतो, नाईकच्या रोमन स्पेलिंगमध्ये क्यू येऊन बसतो. वाचकाने 'कामत' शोधलं तर जुनी पुस्तकंही दिसावीत, ही मागणी अगदी रास्त आहे. त्यासाठी डेव्हलपर मात्र लागत नाही. ऑथॉरिटी नोंदीत (एकेका नावाच्या प्रमाण नोंदीत) मुख्य नावाखाली पर्यायी रूपं भरायची जागा मार्क पद्धतीत मुळातच आहे. त्या नोंदी पुस्तकांच्या नोंदींशी जोडल्या आणि शोधात पर्यायी रूपं धरण्याचं सेटिंग चालू केलं की काम होतं. लागतो तो पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही वाचता येणारा, चिकाटीचा माणूस. असा माणूस मिळाला तर डेव्हलपरसाठी ठेवलेले पैसे खुशाल त्याला द्या.

मेनू आणि बटणं मराठीत हवीत. त्याचा खर्च किती?

डेव्हलपरचा खर्च शून्य. कोहाची भाषांतरं वेबलेटवर होतात, वर्डप्रेसची त्यांच्या भाषांतर संकेतस्थळावर, विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीची ट्रान्सलेटविकीवर. खातं उघडून ब्राउझरमध्येच मराठी वाक्यं भरायची असतात आणि पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यांना मिळतात. 'मराठी आवृत्ती बनवून देतो' म्हणून कोणी मोठा आकडा सांगितला तर तो हेच काम करणार आहे.

मग खरोखर पैसे देण्यासारखं काम कोणतं?

सेटिंगमध्ये नाही, प्लगइनमध्ये (वरून जोडता येणाऱ्या तयार पुरवणीत) नाही, आणि माणसाने हाताने करत राहिलं तर कायमची डोकेदुखी, असं काम. आमच्याकडे दोन प्रकार सारखे येतात.

पहिला, मराठी शोध. 'दऱ्या' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर वापरतात. काही साध्या 'र'ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द, त्यामुळे एका ग्रंथपालाने भरलेलं पुस्तक दुसऱ्याला सापडत नाही. यावर मराठी न जाणणारा डेव्हलपर सोपा इलाज करतो: न दिसणारं चिन्ह सरसकट काढून टाकतो. की 'दऱ्या' झाल्या 'दर्या'. सह्याद्रीतल्या दऱ्यांवरचं पुस्तक मागितलं तर समुद्रावरची पुस्तकं हजर. म्हणजे दोन्ही तऱ्हा एक मानायच्या आणि तरीही र्य आणि ऱ्य वेगळे ठेवायचे, हे कोणीतरी नेमकं सांगायला हवं. अकारविल्हे यादीचंही तसंच. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल'नंतर लगेच येतो, शाळेत आपण तो 'ह'नंतर शिकलो. 'क्ष' आणि 'ज्ञ' कुठे हवेत हे तुमच्या ग्रंथपालाने ठरवायचं.

दुसरा, तिथी. देवस्थानाचं सगळं वर्ष तिथीवर चालतं. मंगेशीची जत्रा माघात, चतुर्थी भाद्रपदात, पालखी कुठे दर सोमवारी तर कुठे पौर्णिमेला. वर्डप्रेसची कॅलेंडर प्लगइन इंग्रजी तारखेवर चालतात. 'दर महिन्याचा दुसरा रविवार' त्यांना समजतो, 'माघ शुद्ध सप्तमी' समजत नाही. म्हणून दरवर्षी कोणीतरी पंचांग घेऊन बसतो आणि तारखा हाताने भरतो. इथे पैसे घालणं शहाणपणाचं आहे. मात्र काम दिसतं तेवढं सोपं नाही. पंचांग कोणतं? तिथी सूर्योदयाची धरायची, तर सूर्योदय कोणत्या गावचा? क्षय तिथी आली तर? २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात नेहमीचा अभिषेक दाखवायचा की नाही? शिवाय तयार गणिती कोड उत्तरेकडच्या पद्धतीने लिहिलेला असेल तर तिथला महिना पौर्णिमेला संपतो. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, त्यांच्या हिशेबात ती फाल्गुनात जाते. या प्रश्नांची उत्तरं समितीच्या भटजींकडे असतात, डेव्हलपरकडे नसतात. दोघांना एकदा समोरासमोर बसवा.

करून घेतलेली सोय मूळ प्रकल्पात घालायची, की फक्त आमच्यापुरती ठेवायची?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सहसा कोणी विचारत नाही.

कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. २४.०५, २४.११ असे क्रमांक त्यावरूनच पडतात. तुमच्या डेव्हलपरने तुमच्या सर्व्हरवरच्या कोहाच्या कोडमध्ये हात घालून बदल केला, तर नवी आवृत्ती चढवताना तो बदल एक तर पुसला जातो किंवा नव्या कोडशी त्याचं जमत नाही. मग दर वेळी त्याच माणसाला बोलवायचं. तो बेंगळुरूला नोकरीला गेला की संस्था घाबरून अपडेट करणंच थांबवते. तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीवर अडकलेली वाचनालयं दिसतात ती यामुळे, आणि जुन्या आवृत्तीत सुरक्षेची भोकं बुजवलेली नसतात.

हाच बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवला आणि त्यांनी घेतला, तर पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तो आपोआप येतो. कोणी दुसऱ्याने काही बदलताना तुमची सोय मोडली, तर त्यांच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या आरडाओरडा करतात आणि मोडणाऱ्यालाच ती दुरुस्त करावी लागते. खाजन शेतीचा (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या शेतीचा) बांध सगळ्या गावाने मिळून राखायचा असतो, मानसही (पाणी सोडायचं-अडवायचं दार) एकच असते. आपल्या तुकड्याभोवती वेगळा बांध घातला तर तो राखायचं कामही एकट्याच्या माथी.

मूळ प्रकल्पात घालून घ्यायला जास्त पैसे लागतात, जास्त वेळ लागतो. तरीही आमचा सल्ला ठाम आहे: ज्या सोयीचा उपयोग दुसऱ्या कोणालाही होऊ शकतो ती मूळ प्रकल्पातच गेली पाहिजे. तिथे बसत नसेल तर वेगळं प्लगइन करा. मूळ कोडला हात न लावता प्लगइन जोडता येतं, म्हणून ते अपडेटमध्ये पुसलं जात नाही. मूळ फाइली बदलून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

आम्ही पैसे दिले म्हणजे प्रकल्पवाले ते घेतीलच ना?

नाही. तुम्ही डेव्हलपरचा वेळ घेतला, प्रकल्पाचा होकार घेतलेला नाही.

कोहात काय होतं पाहा. आधी बगझिलावर, म्हणजे चुका आणि मागण्यांच्या उघड नोंदवहीत, नोंद होते. मग पॅच, म्हणजे कोडमधला बदल, तिथे लावला जातो. लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तो चालवून पाहून सही द्यावी लागते. त्यानंतर गुणवत्ता तपासणारा गट पाहतो, आणि शेवटी त्या आवृत्तीचा प्रमुख तो आत घेतो. या प्रत्येक पायरीवर 'असं नको, तसं करा' म्हणून परत येऊ शकतं आणि येतंच. महिने जातात. तपासणारे बरेचसे आपापलं काम सांभाळून तपासतात, त्यांच्यावर तुमच्या आर्थिक वर्षाचं दडपण नसतं. एक युक्ती आहे: तुमच्या ग्रंथपालाला दुसऱ्यांचे पॅच तपासून सही द्यायला शिकवा. त्याला कोड यावा लागत नाही, प्रयोगासाठी असलेल्या कोहावर दिलेल्या पायऱ्या करून पाहायच्या असतात. दुसऱ्यांचं अडलेलं काम पुढे ढकलणाऱ्याच्या कामाकडे लोक लवकर बघतात. माणसाचा स्वभाव न्यूझीलंडमध्येही तोच.

पैसे आणि स्वयंसेवक यांचं नातं नाजूकही असतं. २००६ साली डेबियन या स्वयंसेवकांच्या लिनक्स प्रकल्पात आवृत्ती वेळेवर यावी म्हणून दोघा आवृत्ती-प्रमुखांना मोबदला देण्याचा प्रयोग झाला. बाकीचे फुकट राबत असताना यांनाच का, म्हणून काही जण नाराज झाले, काहींनी हात आखडता घेतला. डिसेंबरमध्ये ठरलेली आवृत्ती एप्रिल २००७ मध्ये आली. तेव्हा 'आम्ही पैसे भरलेत, लवकर घ्या' हा सूर प्रकल्पाच्या चर्चेत कधीच लावू नका. तुमचा डेव्हलपर लावत असेल तर त्यालाही आवरा.

करारात 'प्रकल्पाने स्वीकारल्यावर पैसे' असं लिहू नका, कोणताही शहाणा डेव्हलपर त्यावर सही करणार नाही. त्याऐवजी बदल पाठवणं, आलेल्या सूचनांप्रमाणे ठरावीक मुदतीत दुरुस्त्या करणं आणि शेवटपर्यंत पाठपुरावा करणं हे त्याचं काम म्हणून लिहा. आणि कोड लिहिण्याआधीच प्रकल्पाला विचारून घ्या: असं काही केलं तर तुम्हाला चालेल का? पुष्कळ पैसे या एका ईमेलने वाचतात.

आमच्या पैशांतून झालेली सोय शेजारच्या गावचे फुकट वापरतील. हे कसं चालेल?

चालेल. तुम्हीही नेल्सनव्हिलच्या पैशांवर मार्क नोंदी करताच आहात.

समितीच्या सभेत हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा सहसा खजिनदार असतो. त्याला सांगा, की कोहात एखाद्या बदलाला पैसे देणाऱ्या वाचनालयाचं नाव आवृत्तीच्या टिपणात छापलं जातं. नाव लागणार म्हटल्यावर पुष्कळ हरकती विरघळतात.

त्या कोडवर हक्क कोणाचा? आमचाच ना?

पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १७ प्रमाणे, पहिला हक्क लिहिणाऱ्याचा. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलं तर तो मालकाचा. पण बाहेरच्या माणसाला काम दिलं असेल तर नोकराचा नियम लागत नाही. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, चित्र, व्यक्तिचित्र किंवा चित्रपट यांना कायद्यात वेगळी सवलत आहे, सॉफ्टवेअरला ती नाही. हक्क तुमच्याकडे हवा असेल तर लेखी हस्तांतरण लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

आमच्या मते हक्क मागण्याच्या भानगडीत पडायची गरजच नाही. डेव्हलपरने कोड मूळ प्रकल्पाच्याच परवान्याखाली दिला पाहिजे, एवढं करारात स्पष्ट लिहून घ्या. कोहा आणि मूडल जीपीएलच्या तिसऱ्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीखाली आहेत, वर्डप्रेस आणि मीडियाविकी दुसऱ्या किंवा त्यापुढच्या. परवाना मिळाला की वापरायला, बदलायला, दुसऱ्या डेव्हलपरकडे न्यायला तुम्ही मोकळे. वाचता येणार नाही असा गुंडाळलेला कोड मात्र घेऊ नका. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगइन यादीत तसा कोड चालतच नाही.

बदललेला कोड जगाला देणं सक्तीचं आहे का?

जीपीएल असेल आणि तुम्ही फक्त आपल्या सर्व्हरवर चालवत असाल, तर नाही. एजीपीएल (जीपीएलचा अधिक कडक भाऊ) असेल, जसं फाइली साठवण्याचं नेक्स्टक्लाउड किंवा समाजमाध्यमाचं मॅस्टोडॉन, तर तुमची बदललेली प्रत इंटरनेटवरून वापरणाऱ्यांना तिचा कोड उपलब्ध करून द्यावा लागतो. परवाना कोणता, हे काम सुरू करण्याआधीच बघा.

माणूस शोधायचा कुठे?

पणजीत किंवा पर्वरीत ऑफिस आहे, हा निकष नव्हे. त्या प्रकल्पात ज्याचा कोड आधी गेला आहे, तो शोधा. कोणी काय लिहिलं याचा सगळा इतिहास उघड्यावर असतो, नावासकट, तारखेसकट. कोहाच्या संकेतस्थळावर पैसे घेऊन काम करणाऱ्या कंपन्यांची देशवार यादी आहे. वर्डप्रेसचं प्लगइन असेल तर आधी त्याच्या मूळ लेखकालाच विचारा. तो इतरांपेक्षा कमी पैशांतही करू शकेल, कारण कोड त्याच्या डोक्यात आहे.

फर्मागुडीच्या किंवा कुंकळ्ळीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना द्यावं का, असं खूप जण विचारतात. छोटं, वेगळं ठेवता येणारं काम असेल तर जरूर द्या, आणि पैसेही द्या. 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवू नका. पण चौथ्या वर्षानंतर मूल पुण्याला जाणार हे गृहीत धरा. शिकवण्यासाठी वरचा कोणीतरी जाणता माणूस ठेवा आणि त्यालाही मोबदला द्या.

खर्च किती येईल?

फोनवर पाच मिनिटांत आकडा सांगणाऱ्यापासून सावध राहा. चांगला डेव्हलपर आधी थोड्या पैशांत पाहणी करतो: कोड वाचतो, प्रकल्पाशी बोलतो, तुम्हाला दोन पानांचं टिपण देतो. हे टिपण घेऊन तुम्ही दुसऱ्याकडेही जाऊ शकता. त्याचे पैसे वाया गेले असं समजू नका. कधीकधी त्यातून 'हे आधीच आहे' असं निघतं आणि तिथेच काम संपतं.

अंदाज तासांत मागा, आणि तास वेगवेगळे: लिहिण्याचे, चाचण्यांचे, प्रकल्पाशी पत्रव्यवहाराचे, तुमच्या माणसांना शिकवण्याचे. कोड लिहिणं हा त्यातला लहान भाग निघाला तर दचकू नका. पत्रव्यवहाराचे तास शून्य दाखवले असतील तर मात्र दचका.

पैसे कसे द्यायचे?

टप्प्याटप्प्याने: काही पाहणी संपल्यावर, मोठा भाग तुमच्या चाचणी-सर्व्हरवर सोय चालू झाल्यावर, उरलेले प्रकल्पाकडे पाठवून पहिल्या फेरीच्या दुरुस्त्या झाल्यावर. शेवटचा हप्ता इतका मोठा ठेवा, की तो विसरून जाणं डेव्हलपरला परवडणार नाही.

डेव्हलपरची जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वर धरा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याची सहसा नसते. ठरावीक रकमेपुढे टीडीएस कापावा लागतो. परदेशात पैसे पाठवायचे तर बँक आयकराचे कागद मागते, बहुधा सीएचा दाखलाही, आणि जीएसटीचाही प्रश्न येतो. डेव्हलपर ठरवण्याआधी सीएशी बोला.

देवस्थानांसाठी वेगळं सांगायचं तर, महाजनांची (देवस्थानाच्या हक्कदार कुळांची) देवस्थानं पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नियमांखाली आहेत आणि मामलेदार त्यांचा प्रशासक. खर्चाची बाब अंदाजपत्रकात आधी आली नसेल तर वर्षाच्या मध्यात अडते. तिथे 'ओपन सोर्स' असं लिहून बसू नका, 'संकेतस्थळ सुधारणा' लिहा. सगळ्यांना कळतं.

बाउंटी लावली तर? 'हे करेल त्याला इतके रुपये' असं जाहीर करून?

लहान, स्पष्ट दुरुस्तीला ठीक. मोठ्या सोयीला आम्ही नाही म्हणतो. बक्षीस मिळेपर्यंत लिहिणाऱ्याला काहीच नाही, त्यामुळे कमीत कमीत काम उरकायची ओढ लागते. दोघांनी एकाच वेळी केलं तर भांडण. शिवाय पैसे मध्यस्थाकडे पडून राहतात. बाउंटीसोर्स या प्रसिद्ध सेवेने २०२० साली अटी बदलून, दोन वर्षांत कोणी दावा न केलेली रक्कम आपण ठेवून घेऊ असं जाहीर केलं होतं. लोक खवळले तेव्हा ते मागे घेतलं.

एखादा निधी किंवा अनुदान मिळेल का?

तुमच्या एका सोयीसाठी, बहुधा नाही. झिरोधा या शेअर दलाली कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी सुरू केलेला फ्लॉस फंड वर्षाला १० लाख डॉलर देतो, पण तो चालू असलेल्या प्रकल्पांना, आणि एकेका प्रकल्पाला १० हजारांपासून १ लाख डॉलरपर्यंत. तुम्ही वापरता तो प्रकल्प अर्ज करू शकतो, वाचनालय नाही.

त्यापेक्षा तीन-चार संस्थांनी एकत्र या. मराठी शोधाची अडचण म्हापशाच्या वाचनालयाला आहे तशी सावंतवाडीच्याही आहे. एका संस्थेने करार करावा, बाकीच्यांनी तिला लेखी ठरावाने वाटा द्यावा. चार सह्यांचा एक करार डेव्हलपरला नको असतो, चार संस्थांचे चार वेगळे बॉस तर मुळीच नकोत. कोणाशी बोलायचं तो एक माणूस ठरवा.

काम झालं, पैसे दिले. संपलं ना?

सोय मूळ प्रकल्पात गेली असेल तर बऱ्याच अंशी. प्लगइन असेल तर दरवर्षी थोडे पैसे बाजूला ठेवावे लागतील. आणि जमलं तर मूळ प्रकल्पालाही काहीतरी द्या, नव्या सोयीसाठी नव्हे, असलेलं चालू राहावं म्हणून. नव्या गोष्टीला पैसे मिळतात, कारण तिचं उद्घाटन करता येतं. जुनी राखायला मिळत नाहीत. २०१४ साली हार्टब्लीड ही सुरक्षेतली चूक सापडली तेव्हा जगातल्या संकेतस्थळांचा मोठा हिस्सा सुरक्षित जोडणीसाठी ज्या ओपनएसएसएलवर विसंबून होता, त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या होत्या साधारण २ हजार डॉलर. आपल्याकडे एखाद्या जत्रेच्या मंडपाला याहून जास्त लागतात.

मागणी कशी लिहून द्यावी?

'शोध नीट चालत नाही' अशी नको. अशी लिहा:

"वाचक शोधपट्टीत दऱ्या हा शब्द भरतो. आमच्याकडे हा शब्द नावात असलेली तीन पुस्तकं आहेत, यादीत एकच येतं. उरलेल्या दोन नोंदी दुसऱ्या कीबोर्डने भरलेल्या आहेत. तिन्ही यायला हवीत. दर्या हा शब्द नावात असलेली दोन पुस्तकं मात्र या यादीत येऊ नयेत. सोबत पाचही नोंदींची निर्यात केलेली फाइल जोडली आहे."

कोण, काय करतो, आता काय होतं, काय व्हायला हवं, काय होता कामा नये. तंत्र सुचवू नका, ते डेव्हलपरचं काम. शेवटी हीच वाक्यं चाचणी म्हणून वापरा: तशी यादी आली तर हप्ता द्या, नाही आली तर नाही.

डेव्हलपर 'तुमचा सगळा डेटा पाठवा' म्हणतो. पाठवावा का?

नाही. त्यात वाचकांचे फोन, पत्ते, कोणी कोणती पुस्तकं नेली ही माहिती असते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि तो नसता तरी शेजाऱ्याने काय वाचलं हे कोणाला कळायचं कारण नाही. खोटी नावं घालून शंभरेक नोंदींची प्रत करून द्या. चालू सर्व्हरची चावी नको, चाचणी-सर्व्हरची द्या.

सगळं बोलणं इंग्रजीत होतं, आम्हाला जमेल का?

प्रकल्पाशी बोलणं डेव्हलपरने करायचं, ते त्याच्या कामात धरलेलं आहे. तुम्ही त्याच्याशी मराठीत बोला, कोकणीत बोला. फक्त ठरलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी संदेशात नको.

आणि डेव्हलपर मध्येच गायब झाला तर?

म्हणून त्याने कोड रोजच्या रोज अशा गिट साठ्यात (कोडचा प्रत्येक बदल जपणाऱ्या जागेत) ठेवावा, जो संस्थेच्या खात्यावर आहे, त्याच्या नव्हे. मग नवा माणूस तिथून पुढे सुरू करू शकतो आणि आधीच्याला दिलेले हप्ते वाया जात नाहीत. हेच होस्टिंग आणि डोमेनबद्दल. ते कोणाच्या नावावर आहे हे आजच बघून घ्या. बऱ्याच संस्थांचं डोमेन अजून माजी चिटणिसाच्या भाच्याच्या ईमेलवर असतं, आणि भाचा दुबईत.